काचेखालचा कागद

धंतोलीत मे महिन्याचे साडेअकरा.
कूलरचा वाळा सुकून गेलाय,
बाहेर बाकावर दुपट्टे गुंडाळलेली चौदा डोकी,
समोर गिरजाबाई नंदनवार, वय एकाहत्तर,
मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत
तीन डॉक्टरांच्या सात गोळ्या.
"उठलं का घर फिरते जी."

अवंती, माझी नवी सहकारी, हुशार मुलगी,
हळूच सुचवते : चोवीस तासांचा होल्टर,
मानेच्या नसांची सोनोग्राफी, जमल्यास डोक्याचा स्कॅन.
यादी चुकीची नाही.
परीक्षेत मीही हीच लिहिली असती.

मी विचारतो, घरी कूलर आहे का?
हाव, आहे ना. सुनेच्या खोलीत.
पाणी किती पिता?
रातच्याला उठा लागते, म्हणून पीतच नाही.
आणि ही पांढरी गोळी?
दिवाळीपासून. पाय सुजले होते तवा.

पाय आता तुराट्या.
आडवं असताना प्रेशर एकशे छत्तीस,
उभं केलं तर अठ्ठ्याण्णव,
आणि त्यांनी माझी बाही घट्ट धरली.
थंडीत सुरू झालेली गोळी
शेहेचाळीस डिग्रीतही इमानदारीनं
अंगातलं पाणी उपसत होती.
तिला कुणी सांगितलंच नव्हतं, ऋतू बदलला म्हणून.

एक गोळी खोडली. दुसरी अर्धी केली.
नवीन काहीच लिहिलं नाही तेव्हा
मुलाचा चेहरा पडला :
फी देऊन औषध कमी?
म्हटलं, रोज सकाळी आईचं वजन कर,
वहीत लिही. दोन किलो वाढलं तर
माझ्या नंबरची वाट न पाहता ये.
मी चुकलो असेन, तर काटा आधी सांगेल.

मग वामन पराते, तांडापेठेत चार यंत्रमाग.
"काई नाई जी, ग्यास. सावजी खाल्लं का इथं भरते."
ईसीजी साफ. अवंतीनं पेनाचं टोपण लावलं.
पण मी त्याला दाराच्या काचेतून येताना पाहिलं होतं :
रॅम्पवर दोनदा थांबला,
दुसऱ्यांदा वाकला, बुटाची नाडी बांधावी तसा.
पायात चपला होत्या.

जेवल्यावर भरते, की जेवून चालल्यावर?
तो बराच वेळ छताकडे बघत राहिला.
"चालल्यावर. पानठेल्यापर्यंत.
तिथं उभा राह्यलो का उतरते."
कुठला पानठेला?
"आधी गोळीबार चौकातला.
मग शाळेजवळचा.
आता आमच्या गल्लीच्या तोंडाशीच घेतो,
कोण जाते तेवढ्या दूर."

दोन महिन्यांत पानठेला
हळूहळू घराकडे सरकत आला होता.
मी अवंतीकडे पाहिलं. तिनं टोपण काढलं.
त्याला म्हटलं, आज घरी जायचं नाही, वामनराव.
मागावर कोणाला तरी सांगा.

दुपारी डबा उघडताना ती विचारते,
सर, हे येतं कसं?
अनुभव, असं म्हणता आलं असतं. सोपं आहे, शोभतंही.
मी टेबलाच्या काचेवरून पाण्याचा ग्लास सरकवला.
खाली ईसीजीचा एक कागद.

कौसल्या उईके. बावीस वर्षांपूर्वीची रात्र.
"जीव घाबरते," एवढंच म्हणाली होती.
पट्टी सरळ होती. मी वाचली,
तिच्या कपाळावरचा घाम नाही वाचला.
झोपेची गोळी दिली.
पहाटे तिचा नवरा रिक्षातून घेऊन आला,
मला काही बोलला नाही.
अजूनही वाटतं, बोलायला हवं होतं.

"पण सर, हा कागद तर कोरा आहे."
हो. तो कागद उन्हानं उडतो.
नागपूरचे इतके उन्हाळे,
रेघ कधीच गेली, चौकटीही गेल्या,
बॉलपेननं लिहिलेलं नाव तेवढं राहिलंय.

ती काही म्हणाली नाही. पोळीचा तुकडा हातातच.
मी बेल वाजवली.
पंधरावा आत यायच्या आधी
अवंतीनं आपली खुर्ची किंचित
दाराकडे वळवून घेतली.