रोप नंबर एकशे चौदा

कुंभोजच्या माळावर, जिथे ऊससुद्धा हात टेकतो,
सिमेंटच्या खांबांना निवडुंग मिठी मारून उभे.
भाव विचारणारे त्यांना नुसतं 'ड्रॅगन' म्हणतात.

सातच्या सुमाराला, कळी सैल व्हायच्या आत,
मी चिमट्यानं पुंकेसर काढायची,
जिनगोंडाकाका बॅटरी धरायचे.
दिवस बुडाल्यावर पाण्याचा घोटही न घेणारा माणूस
आणि दिवस बुडाल्यावरच तोंड उघडणारं फूल.
मधे माझा ब्रश,
लग्नातल्या मेकअपच्या पेटीत कोरा राहिलेला.

फूल मोठं मानी.
स्वतःचाच पराग अंगावर सांडला तरी ओळख देत नाही.
दुसऱ्या जातीचा आणा, गोळ्यांच्या डबीतून,
फ्रिजमध्ये इडलीच्या पिठामागे जपलेला,
तेव्हा कुठं फळ धरतं.
"भावकीत सोयरीक नको म्हणतंय बघ,"
काका हसायचे. "शानं हाय."

आम्हाला हवं होतं एक बिनमानी.

तिळाहून बारीक बिया, मग रोपं, मग कलमं.
एका वर्षी गोगलगायींनी निम्मी खाल्ली.
दोनशे रोपं, दोनशे पाट्या, शिसपेन्सिलीनं लिहिलेल्या,
शाई पावसात जाते म्हणून.
घरात विचारायचे, रात्री बाराला काय करतेस माळावर?
लग्नं लावते, म्हणायची.

सहाव्या वर्षी काकांना मोतीबिंदू.
उजेड फुलावर कमी, माझ्या मनगटावर जास्त.

त्याच हंगामात कळीवर कागदी पिशवी बांधली,
ब्रश न लावता, दोरा दोनदा गुंडाळून.
पाचव्या दिवशी इतर पिशव्यांतली फुलं
पिवळी पडून देठासकट गळाली.
एकशे चौदाचं देठ हिरवंच.
तेहतिसाव्या दिवशी तीनशे ऐंशी ग्रॅम,
आतून जांभळं, गोडी बेताची.
मी बांधावर बसून अर्धं एकटीनं खाल्लं,
अर्धं काकांसाठी, उजाडेपर्यंत झाकून.

आता याची कलमं खांबाखांबावर जातील.
कुणाची झोप मोडणार नाही.
हेच तर मागत होतो.

परवा सातला काकांचा फोन:
"बॅटरी चार्ज केलीया. निघू का?"
काम काही नव्हतं.
या, म्हटलं.
पिशवीविना ते उघडताना
आपण अजून बघितलेलं नाही.