इरेशची फाईल

बाजार समितीच्या मागच्या खोलीत
सर्व्हरपेक्षा कूलरच जास्त बोलतो.
मंगळवारी रात्री सर्टिफिकेट संपणार,
मग बुधवारी तुरीचा सौदा पडद्यावर चढणार नाही.

कोडनं फाईल उघडली.
आत एकच नोंद, टोपणनाव भादवा.
सर्टिफिकेट पासवर्ड न विचारताच बोलायला लागलं,
ते कुणाशीही बोलतं:
देणारा इरेश स्वामी, घेणाराही इरेश स्वामी,
गाव लातूर, स्पेलिंगमध्ये एक टी जास्तीचा.

किल्ली मात्र गप्प.
गाडीचा नंबर दिला, पोरीचं नाव दिलं,
सिद्धेश्वराचंही देऊन बघितलं.
लाल ओळ तीच.

शेवटी फोन लावला.
तो औशाला, मेव्हण्याच्या डाळमिलवर,
मागं चाळणीची घरघर.
"ताई, मी कामाला लागलो त्या दिवशीचा
तुरीचा भाव टाका. फळ्यावर खडूनं लिहिला होता."
भाव सांगितला.
मग जरा थांबून विचारलं,
"माझा शेवटचा पगार निघाला का हो?"

आकडे मी एकेक सुटे दिले.
किल्ली हाताला लागली तशी
त्यांच्या जागी शून्यं भरली,
पासवर्ड मेमरीत ठेवत नसतात.

पगाराचं
अजून काही बोलले नाही.