अर्जदार हजर

पत्रात लिहिलं होतं,
कंपनीचा आपल्यावरील विश्वास उडाला आहे.
मी पाकीट उलटं करून झटकलं,
म्हटलं आत कुठे चिकटून राहिला असेल तर.

चौदा वर्षं अंबडला, तपासणीच्या टेबलावर.
शाफ्ट घ्यायचा, पुसायचा, मायक्रोमीटरच्या जबड्यात धरायचा,
रॅचेट तीनदा टकटकू द्यायचं, मग वाचायचं.
चांगल्याला हिरवी चिठ्ठी, वाईटाला लाल.
लाल लावण्याआधी पुन्हा एकदा मोजायचं,
हे कुणी शिकवलं नव्हतं.
तुकडा झाला म्हणून काय, उगाच आळ कशाला.

त्या मार्चमध्ये दोनशे बारा शाफ्ट
चार शतांश जाड निघाले.
ट्रक गेटवर उभा. साहेब म्हणाले, हिरवी लावा.
मी पेन खाली ठेवलं.
आरोपपत्रात त्याचं झालं
वरिष्ठांशी उद्धट वर्तन, उत्पादनात अडथळा.
चौकशी कॅन्टीनमागच्या खोलीत,
चौकशी अधिकाऱ्याचा चहाही कंपनीच्या खात्यावर.
मला लाल लावताना
दुसऱ्यांदा कुणी मोजलं नाही.

आता सिडकोतून बस, सीबीएसला उतरायचं,
फायलीची पिशवी पोटाशी धरून जिना चढायचा.
शिपाई पुकारतो, थेटे चारुशीला!
हजर, म्हणते मी,
बाकावरचा झोपलेला माणूस दचकतो एवढ्या मोठ्यानं.
शिरसाठ वकील पहिल्याच दिवशी म्हणाले होते,
बाई, इथे घाई करणारा हरतो.
चौथं वर्ष आहे. मी घाई केलेली नाही.
घरात मात्र एकरकमी हा शब्द
मिठासारखा रोज ताटात येतो.

उलटतपासणीत त्यांचे वकील हसून म्हणाले,
द्राक्षं निवडता म्हणे?
हो. हंगामात, दिंडोरीला, रोजानं.
मणी अठराच्या कडीतून निसटला की बाजूला.
म्हणजे कमाई आहे, त्यांनी लिहून घेतलं.
साडेतीन महिन्यांची, मी म्हटलं, तेही लिहा.

मग त्यांचा साक्षीदार आला.
बोडकेंचा हृषी. मीच शिकवलेला.
पाथर्डी फाट्यावर फ्लॅट, त्याचे हप्ते,
सगळं माहीत आहे मला.
माझ्याकडे न बघता शपथ घेतली.
शिरसाठांनी रजिस्टर पुढे केलं,
हे अक्षर कुणाचं?
माझं.
वाचा.
त्यानं पानावरून अंगठा फिरवला,
तेल पुसावं तसा, माझ्यासारखा.
थांबला. पुन्हा एकदा पाहिलं.
चार शतांश जास्त, म्हणाला.
टायपिस्टची बोटं चालू झाली,
त्यांचे वकील उभे राहिले,
आणि पंख्याखाली सगळं क्षणभर तसंच राहिलं.

बाहेर तो चहाच्या गाडीपाशी, लांब, पाठमोरा.
मी गेले नाही. उद्या त्याला गेटमधून आत जायचंय.
तोच आला, ग्लास तसाच भरलेला.
ताई, तुमचा मायक्रोमीटर...
शून्य सरकलंय त्याचं. कुणी लावत नाही.

जबडे पूस आधी, मी म्हटलं.
मग कोरा कागद धर मधे,
हलकेच आवळ, आणि ओढून काढ.
मळ असतो रे नुसता, पुष्कळदा.
तरी नाही आलं तर छोटी किल्ली आहे,
टेबलाच्या डाव्या खणात,
माझ्या डब्याच्या फडक्यात गुंडाळलेली.

पुढची तारीख सतरा जानेवारी.