उपडं ठेवू नये

काडतूस मी तोंडाकडून पाहत नाही.
बुडाकडून वाचतो.
एकतीस वर्षं वरणगाव फॅक्टरीत, तपासणी खात्यात,
हेच केलं : भिंग, गेज, सुती चिंधी,
आणि बुडावरची ती गोल ओळ –
कारखान्याची अक्षरं, साल, लॉटचा आकडा,
मधोमध ठेचलेली टोपी.

रिटायर झालो, बोटं झाली नाहीत.
भुसावळचा इसाक भंगारवाला पितळ किलोवर घेतो,
पण बुडावर अक्षर दिसलं की नग बाजूला ठेवतो, माझ्यासाठी.
त्याच्या चिठ्ठीत एकच रकाना, दर.
माझ्या वहीत बावीस.
तीनशे चौदा नग, सगळे रिकामे;
हवालदार दोनदा येऊन मोजून गेले.
दुसऱ्यांदा म्हणाले, काका,
पितळ चढलंय हल्ली, विकून टाका.

इसाकच म्हणाला,
यावलच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला
एका तडवी म्हातारीकडं माप आहे.
भांड्याचं पितळ नाही ते. मी ओळखतो, वाजवून पाहिलंय.

दोन एसट्या, मग केळीच्या ट्रॅक्टरवर, मग पायी.
जैतूनबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या.
माप शेजारी होतं.
मी दुरूनच ओळखलं : पहाडी तोफेचं,
खेचरांच्या पाठीवर सुटी सुटी होऊन जायची ती तोफ.
तोंड करवतीनं कापून घासलेलं,
कडेला ऐंशी वर्षांच्या अंगठ्यांची चकाकी.

हात पुढं केला, उलटं करून बूड बघावं म्हणून.
त्यांनी मनगट धरलं.
"उपडं नका करू, भाऊ.
सासरा सांगून गेला.
बरम्यातून आनलं त्यानं, खेचरांच्या मांगं मांगं.
म्हने, हे चार डाव वरडलं,
आता याचं तोंड जमिनीकडं नाही करायचं."

चार डाव.
रिकामं केस परत भरलं की बुडावर एक खूण वाढते,
हे मला हँडबुकानं शिकवलं.
फत्तू तडवीला कोणी शिकवलं?
की तो शेजारीच उभा होता,
दोन्ही हातांनी खेचराचे कान झाकून?

हजार देतो म्हणालो. दोन हजार.
त्या पाखडत राहिल्या.
मग माझी गळ्यातली भिंगाची दोरी पाहून
त्यांनाच काय वाटलं कोण जाणे,
माप तुरीनं शीग लावून भरलं,
म्हणाल्या, निजा खाली.

आणि मी, अडुसष्ट वर्षांचा परीक्षक,
सारवलेल्या ओट्यावर उताणा.
त्यांनी माप दोन्ही हातांत माझ्या तोंडावर धरलं, सरळ,
देव्हाऱ्यातला दिवा धरावा तसं नाही,
लेकराला लंगोट बदलताना धरावं तसं.
मी बॅटरी लावली.

काजळी. लाखेनं बुजवलेलं टोपीचं भोक.
बाण. त्रेचाळीस.
लॉटचा आकडा, जो माझ्या कुठल्याच वहीत नाही,
हँडबुकात नाही, पुण्याहून आलेल्या तिन्ही पत्रांत नाही.
आणि काठाशी छिन्नीच्या बारीक खुणा.
एक, दोन, तीन.

चौथी शोधली. पुन्हा शोधली.
त्यांचे हात थरथरायला लागले, लाखेच्या फटीतून
तुरीचा एक दाणा माझ्या चष्म्यावर पडला.

"हायेत ना चार?"

सांगता आलं असतं.
तीनदा भरलं म्हणजे वाजलं चारदा,
पहिली फेरी कोणी कोरत नाही,
हे मला यावलच्या स्टँडवर सुचलं, संध्याकाळी.
ओट्यावर मी नुसतं हो म्हणालो होतो,
न पाहता खूण केल्यासारखं,
एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

रात्री वही उघडली.
नग तीनशे पंधरा. माझ्याकडे नाही.
क्षमता : सव्वा शेर तूर, शीग धरून.
स्थिती : वापरात.
तेविसावा रकाना आखायला पट्टी घेतली,
वर काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.