वजा घोंगडी

मोखोत्लोंगच्या वर, रस्ता संपून
नुसती घोड्याची पायवाट उरते तिथे,
दवाखान्यात काटा वाशाला टांगलेला आहे.
सेखोबे रात्रभर बर्फातून आला.
पोर छातीशी, पोरीभोवती घोंगडी,
घोंगडीभोवती त्याचे हात.

मामोहाऊ म्हणाली, घोंगडी काढ.
तो म्हणाला, गारठून मरेल.
तिनं पोरीच्या फासळ्या पाहिल्या, श्वास मोजले,
वाद घातला नाही.
घोंगडीसकट टांगलं रोरिसांगला:
नऊ किलो सहाशे.
मग पोर स्टोव्हपाशी, बापाच्या सदऱ्यात,
आणि काट्यावर एकटी घोंगडी,
ओली, मक्याच्या कणसांची नक्षी असलेली:
एक किलो सहाशे.
"वजा," ती म्हणाली.

हा शब्द सेखोबेच्या चांगला ओळखीचा.
लोकरीच्या शेडमध्ये कारकून असंच म्हणतो:
पोतं वजा, ओल वजा, काटेकुटे वजा,
उरतं त्याचे पैसे वर्षाला पुरत नाहीत.
"तिथं कापता ते कापता," तो म्हणाला,
"आता माझ्या पोरीतूनही?
दहा किलोची आहे ती. दहाचं औषध दे."

मामोहाऊनं पेन थांबवलं नाही.
आठ सत्ते छप्पन्न,
आठाचे निम्मे चार,
साठ मिलिग्रॅम.
कुपीत एका मिलिलिटरला चाळीस.
म्हणजे दीड.
वहीत तिनं अक्षरांत लिहिलं, दीड.
आकड्यात ती लिहीत नाही.
एकदा एका पानावर टिंब पुसट उमटलं होतं.
त्या पानाबद्दल ती कुणाशी बोलत नाही.

"जास्तीचं औषध घोंगडीला लागत नाही,"
सिरिंज उजेडात धरून ती म्हणाली,
"तेही हिच्याच अंगात जातं.
मूत्रपिंडात साचतं. कानात साचतं.
मग एके दिवशी तू डोंगरावरून हाक मारशील
आणि ही वळून बघणार नाही."

सेखोबे गप्प झाला.
मेंढ्या वळवणारा त्याचा आवाज
दोन दऱ्या ओलांडतो, असं गावात म्हणतात.

सुई टोचली तेव्हा रोरिसांग रडली,
फार नाही, तेवढा श्वासच नव्हता तिच्याकडे.
"अजून चार दिवस, रोज," मामोहाऊ म्हणाली.
"उद्या पुन्हा वजन."

त्यानं घोंगडी स्टोव्हवर धरली,
वाफ निघून जाईपर्यंत, उलटीसुलटी,
पोरीला गुंडाळलं, मांडीवर घेतलं, जोखलं,
आणि काट्याकडे न बघता पुटपुटला:
ओल गेली.
साडेनऊ.