तीन ठोके

कन्नमवार नगर, इमारत एकशे बारा.
अँप दोनवर. त्याखाली तो नुसता कण्हतो.
समोर माइक, पायाशी लूपर,
लाल दिवा लागला,
आणि भिंतीपलीकडून तोरसकर बाईंनी
लाटण्यानं तीनदा ठोकलं.

लूपरनं तेही ठेवून घेतलं.
पुसणार होतो,
पण तिसरा ठोका समेच्या केसभर मागे.
इतकं मागे राहणं
मला वीस वर्षांत जमलेलं नाही.

मिडीची वायर जोडली,
ड्रम मशीनला म्हटलं, बाईंच्या मागून चल.

साडेदहाला बेल.
दारात बाई, लाटण्याला कणीक.
"मी तीनदाच ठोकलं हो.
मग मघापासून कोण ठोकतंय?"

पायानं लूपर बंद केला.
अँप तेवढा गुणगुणत राहिला;
आमच्या बिल्डिंगला अर्थिंग नाही.