वळसा

पाइप मीच फोडला. खोदयंत्राचा दात
जरा खोल गेला, आणि भाजल्या मातीतून
कपबशी फुटल्यासारखा आवाज आला.

"हा सरळ जायला हवा होता," मी म्हटलं.
"कशाला सरळ जाईल?" मिसेस पॅरी दारातून म्हणाल्या,
"इथं नासपती होती. मुळं तोडू नकोस म्हटलं
तर इदवालनं वळसा घालून नेला.
एकाहत्तर साली. माझ्यासाठी."

झाड केव्हाच गेलेलं.
आणि मी तर नव्या ड्राइव्हवेच्या नकाशावर
पट्टीनं रेघ ओढली होती.

दुपारभर फावडं. बेथेस्डाचा बारीक पाऊस,
बुटात चिखल, चरातल्या पाण्याला साबणाचा वास.
तुकडे उपसले, दोन्ही टोकं करवतीनं साफ केली,
आता सरळच जोडू म्हणून खणलं, तर हातभर खाली
ठण्ण.
स्लेटचा खडक. म्हशीएवढा, आडवा पसरलेला.

इदवालनं झाडाला नाही, ह्याला वळसा घातला होता.

सांगावं की बुजवून टाकावं?
वर पाहिलं तर त्या काठीवर वाकून
बघतच होत्या. मग खांदे हलायला लागले,
मला वाटलं, रडतायत.
"लबाड मेला!" त्यांना हसू आवरेना,
"त्या झाडाच्या जोरावर
पंचवीस वर्षं जॅम खाल्ला माझा!"

तेच वळण पुन्हा घातलं, प्लास्टिकचं.
रबरी कॉलर, पट्टे आवळले, खडी पसरली.
वरून बादलीभर पाणी सोडलं
आणि खालच्या टोकाशी उकिडवा बसलो.

आलं. जरा उशिरा.